पीएक्सईवर आयपी मिळतो, पण विंडोज पीईत नेटवर्कच नाही: बाहेरचा लॅन ड्रायव्हर ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनमध्ये नक्की कुठे घालायचा?

प्रश्न — स्वयंस्थापना

मंडळी, विंडोज ११ कुठेही हात न लावता इन्स्टॉल व्हावं अशी रचना आहे. मशीन पीएक्सईवर (नेटवर्कवरून बूट होण्याची सोय) बूट होतं, आयपीएक्सई (नेटवर्क बूटचा छोटा प्रोग्राम) येतं, ते एचटीटीपीवरून विमबूट (विम फाइल बूट करणारा प्रोग्राम) आणि बूट.विम (विंडोज पीईची इमेज) उतरवतं. विंडोज पीई (इन्स्टॉलेशनपुरतं रॅममधून चालणारं छोटं विंडोज) सुरू झालं की स्टार्टनेट.सीएमडी या सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून नेटवर्क शेअर जोडला जातो आणि तिथलं सेटअप अनअटेंड फाइलसह (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) चालतं. जुन्या मशीनवर हे सगळं सुरळीत पार पडतं.

नव्या मशीनमध्ये २.५ गिगाबिटचं रिअलटेक लॅन कार्ड आहे. हार्डवेअर आयडी पीसीआय\व्हेन_१०ईसी&डेव्ह_८१२५. पीएक्सईला आयपी मिळतो, बूट.विम पूर्ण उतरते, पीईची काळी खिडकी येते आणि शेअर जोडताना गाडी अडते. तिथे आयपीकॉन्फिग दिलं तर एकही ॲडॅप्टर दिसत नाही.

आतापर्यंत केलेलं असं: पीई विंडोज १० च्या एडीकेची (मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉलेशन साधनांचा संच), आवृत्ती २००४. कार्डाचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर घेतला, एक्झी सोडवून आतलं फोल्डर काढलं आणि

डीआयएसएम /इमेज:डी:\माउंट /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:डी:\ड्रायव्हर /रिकर्स

असं दिलं (डीआयएसएम म्हणजे विंडोजच्या इमेजमध्ये बदल करणारं साधन). 'ऑपरेशन यशस्वी' असा निरोप आला. कमिट करून फाइल सर्व्हरवर ठेवली, तरी फरक शून्य.

तीन शंका आहेत. पीएक्सईत चालणारं कार्ड पीईत का चालत नाही? डीआयएसएम यशस्वी म्हणतं तर ड्रायव्हर गेला कुठे? आणि याच सर्व्हरवरून रॉकी लिनक्स आणि डेबियनही बसवायचं आहे. तिथे इन्स्टॉलरच्या कर्नलमध्ये नसलेलं मॉड्यूल कसं द्यायचं?

उत्तर — विम_मिस्त्री

एका इन्स्टॉलेशनमध्ये त्या मशीनवर पाठोपाठ तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा असतो. आधी फर्मवेअर. पीएक्सईच्या वेळी कार्डाशी बोलतो तो फर्मवेअरमधला यूएनडीआय किंवा एसएनपी ड्रायव्हर. आयपीएक्सईची एसएनपीओन्ली आवृत्ती तोच वापरते. मग येते विंडोज पीई. तिने ताबा घेतला की फर्मवेअरचा ड्रायव्हर बाजूला होतो आणि पीईला स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागतो. शेवटी इन्स्टॉल झालेलं विंडोज, त्याचं ड्रायव्हर स्टोअर पुन्हा वेगळं. म्हणून 'पीएक्सईला आयपी मिळाला' यावरून एवढंच कळतं की केबल, स्विच आणि डीएचसीपी ठीक आहेत. पीईबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

दुसरी शंका. ॲड-ड्रायव्हर चालतं तेव्हा समोर कार्डच नसतं, त्यामुळे डीआयएसएम कार्डाशी जुळवणी करूच शकत नाही. फाइल्स इमेजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये ठेवणं आणि आयएनएफला (ड्रायव्हरची माहिती असलेली फाइल) ओईएम०.आयएनएफ, ओईएम१.आयएनएफ अशी नवी नावं देणं, एवढंच त्याचं काम. 'यशस्वी' म्हणजे 'ठेवलं'. खरी जुळवणी पीई बूट झाल्यावर होते आणि ती का फसली हे तिथल्याच लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

पीईच्या काळ्या खिडकीत हे करून बघा:

एक, एक्स:\विंडोज\सिस्टिम३२\ड्रायव्हरस्टोअर\फाइलरिपॉझिटरी मध्ये तुमच्या आयएनएफच्या नावाचं फोल्डर आहे का? नसेल तर तुम्ही बदललेली विम बूटच होत नाहीये. याची दोन नेहमीची कारणं आहेत. सर्व्हरवर जुनी फाइल राहिलेली असते, किंवा इंडेक्स (एका विममधल्या इमेजचा क्रमांक) चुकलेला असतो. एडीकेच्या पीईत एकच इंडेक्स असतो, पण इन्स्टॉलेशन मीडियावरच्या बूट.विममध्ये दोन असतात: १ म्हणजे साधी पीई आणि २ म्हणजे विंडोज सेटअप. बूट होतो तो २, आणि लोक सवयीने १ माउंट करून त्यात ड्रायव्हर घालतात.

दोन, फोल्डर असेल तर त्यातल्या आयएनएफचा पूर्ण पत्ता देऊन ड्राइव्हलोड (चालू पीईत ड्रायव्हर चढवणारी कमांड) चालवा, मग डब्ल्यूपीईयूटिल इनिशियलाइझनेटवर्क, मग आयपीकॉन्फिग. ड्राइव्हलोडने एरर ०x८००७०००२ दिला तर आयएनएफच्या शेजारी .सिस (खुद्द ड्रायव्हर) किंवा .कॅट (सहीचा कॅटलॉग) फाइल नाही. फोल्डर अर्धवट कॉपी झालेलं असतं तेव्हा हे हमखास दिसतं.

तीन, नोटपॅडमध्ये एक्स:\विंडोज\आयएनएफ\सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग उघडा आणि डेव्ह_८१२५ शोधा. नोटपॅड पीईत असतंच.

चार, आयएनएफमधला मॅन्युफॅक्चरर हा विभाग बघा. एनटीएएमडी६४ ने सुरू होणारी ओळ जशीच्या तशी इथे लिहा. माझा संशय तिथेच आहे.

उत्तर — स्वयंस्थापना

फोल्डर आहे, म्हणजे विम बरोबर बूट होते. ड्राइव्हलोड एरर देतं. लॉगमध्ये त्या कार्डासाठी एकही जुळणारा ड्रायव्हर सापडला नाही असं आहे. आयएनएफमधली ओळ: एनटीएएमडी६४.१०.०...२२०००.

त्या ओळीतून २२००० काढून टाकलं तर चालेल का?

उत्तर — विम_मिस्त्री

सापडलं. त्या ओळीत आधी आर्किटेक्चर, मग ऑपरेटिंग सिस्टिमचा मोठा आणि छोटा आकडा, मग प्रॉडक्टचा प्रकार, मग सूट आणि शेवटी बिल्ड असा क्रम असतो. तुमच्या आयएनएफमध्ये प्रकार आणि सूट रिकामे आहेत, म्हणून सलग तीन टिंबं. शेवटचा २२००० म्हणजे किमान बिल्ड, अर्थात विंडोज ११ ची पहिली आवृत्ती. तुमची पीई २००४ ची, तिचा बिल्ड १९०४१. तिच्या दृष्टीने या आयएनएफमध्ये तुमच्या कार्डाचा उल्लेखच नाही. डीआयएसएमने फाइल्स ठेवल्या, पीईने त्या उघडून बघितल्या आणि 'माझ्यासाठी नाही' म्हणून सोडून दिल्या.

आकडा काढून टाकू नका, दोन कारणांनी. पहिलं म्हणजे सही. .कॅट फाइलमध्ये आयएनएफचा हॅश असतो. एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही आणि ०x८००एफ०२४बी हा एरर येतो, म्हणजे फाइलचा हॅश कॅटलॉगमध्ये नाही. /फोर्सअनसाइन्ड देऊन डीआयएसएमच्या गळी उतरवता येईल, पण ६४ बिट विंडोज सही नसलेला कर्नल ड्रायव्हर लोड करत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर टेस्ट साइनिंगचा रस्ताही बंद.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नव्या पिढीचे लॅन ड्रायव्हर नेटॲडॅप्टरसीएक्स या विंडोजच्या घटकावर बांधलेले असतात. तो घटक ड्रायव्हरसोबत येत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येतो. त्याच्या नव्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ड्रायव्हरला जुन्या पीईत आधारच मिळत नाही. बिल्डची अट ड्रायव्हर लिहिणाऱ्याने म्हणूनच घातलेली असते. अट पुसली तरी तो घटक पीईत येत नाही.

बरोबर उपाय दोन आहेत.

पहिला आणि मला पटणारा: पीई नवी करा. विंडोज ११ च्या एडीकेतली, आणि शक्यतो जे विंडोज बसवायचं आहे त्याच पिढीची किंवा पुढची. एडीके आणि पीईचा ॲड-ऑन हे दोन वेगळे डाउनलोड आहेत. ॲड-ऑन विसरला तर कॉपीपीई चालणार नाही. जुनी २००४ धरून ठेवण्याचं एकच वाजवी कारण असतं: ३२ बिट पीई असलेली ती शेवटची आवृत्ती. विंडोज ११ स्वतःच ६४ बिट आहे, त्यामुळे तुम्हाला ते लागू नाही.

दुसरा: पीई जुनीच ठेवायची असेल तर तिच्यात त्याच कार्डाचा विंडोज १० साठीचा ड्रायव्हर घाला आणि विंडोज ११ चा ड्रायव्हर फक्त इन्स्टॉल.विममध्ये (बसणाऱ्या विंडोजची इमेज). पीईचा ड्रायव्हर पीईच्या बिल्डप्रमाणे आणि अंतिम विंडोजचा त्याच्या बिल्डप्रमाणे, ते एकच असलं पाहिजे असं मुळीच नाही.

नवी पीई बांधण्याचा क्रम असा. डिप्लॉयमेंट टूल्सची खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. म्हणजे मशीनमधला जुना डीआयएसएम न चालता एडीकेचा चालेल. जुन्या डीआयएसएमने नवी इमेज हाताळायला गेलं की नाना तऱ्हेचे एरर येतात.

कॉपीपीई एएमडी६४ डी:\पीई

डीआयएसएम /माउंट-इमेज /इमेजफाइल:डी:\पीई\मीडिया\सोर्सेस\बूट.विम /इंडेक्स:१ /माउंटडिर:डी:\पीई\माउंट

डीआयएसएम /इमेज:डी:\पीई\माउंट /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:डी:\ड्रायव्हर\लॅन /रिकर्स

डीआयएसएम /इमेज:डी:\पीई\माउंट /गेट-ड्रायव्हर्स

डीआयएसएम /अनमाउंट-इमेज /माउंटडिर:डी:\पीई\माउंट /कमिट

गेट-ड्रायव्हर्स मुद्दाम घातलं आहे. ते फक्त बाहेरचे ड्रायव्हर दाखवतं. विंडोजचे स्वतःचे बघायचे असतील तर /ऑल लागतं. यादीत तुमचा आयएनएफ, त्याचा क्लास 'नेट' आणि आवृत्ती दिसली तरच कमिट करा. कमिट करताना एक्सप्लोररची किंवा दुसरी कुठलीही खिडकी माउंटच्या फोल्डरमध्ये उघडी असेल तर ०xसी१४२०११७ येतो आणि माउंट अर्धवट लटकतं. मग सगळं बंद करून पुन्हा अनमाउंट, आणि तरीही नाही तर /डिस्कार्ड व /क्लीनअप-माउंटपॉइंट्स. डिस्कार्डमध्ये घातलेला ड्रायव्हरही जातो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

एक कळकळीची विनंती: पीईत फक्त लॅनचे आणि गरज असेल तर स्टोरेजचे ड्रायव्हर घाला. /रिकर्सला उत्पादकाचं अख्खं पॅकेज दिलं की त्यात साउंड, ग्राफिक्स, ब्लूटूथ सगळं शिरतं. पीई पूर्ण रॅममध्ये चढते आणि दर बूटला नेटवर्कवरून उतरते, त्यामुळे फुगलेली विम प्रत्येक मशीनवर प्रत्येक वेळी भोवते. वायफायचे ड्रायव्हर तर पीईत घालूच नका, एडीकेच्या साध्या पीईत वायरलेसची सोयच नाही.

उत्तर — लॉगवाचक

वरचं झालं की पीईला नेटवर्क मिळेल, सेटअप चालेल, आणि मग बहुतेक लोक दुसऱ्या खड्ड्यात पडतात. इन्स्टॉल संपतं, मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज ११ पहिल्या सेटअपमध्ये नेटवर्क मागत बसतं. कारण ड्रायव्हर फक्त पीईत होता. अंतिम विंडोजला तो देण्याचे तीन रस्ते आहेत.

इन्स्टॉल.विममध्येच घालणं सरळ आहे, पण त्यात दोन अडचणी येतात. मीडियावर इन्स्टॉल.विमऐवजी इन्स्टॉल.ईएसडी असेल तर ती माउंट करून बदलता येत नाही. आधी एक्स्पोर्ट-इमेजने /कॉम्प्रेस:मॅक्स देऊन विम बनवावी लागते. आणि एका विममध्ये होम, प्रो वगैरे अनेक आवृत्त्या असतात. गेट-इमेजइन्फोने इंडेक्स बघा आणि अनअटेंडमध्ये जी निवडली आहे तिच्यातच ड्रायव्हर गेला आहे ना याची खात्री करा. यूएसबीवरूनही बसवणार असाल तर फॅट३२ ची ४ जीबीची मर्यादा आडवी येते. तेव्हा स्प्लिट-इमेज /फाइलसाइझ:३८०० ने एसडब्ल्यूएमचे तुकडे करा, पण ड्रायव्हर घालून झाल्यावर. तुकड्यांत काही घालता येत नाही.

दुसरा रस्ता अनअटेंडचा. इथे दोन घटक आहेत, नावं जुळी आणि काम वेगळं. मायक्रोसॉफ्ट-विंडोज-पीएनपीकस्टमायझेशन्सविनपीई हा विंडोजपीई पासमध्ये (पास म्हणजे सेटअपचा एक टप्पा) जातो आणि चालू पीईसाठी ड्रायव्हर चढवतो. मायक्रोसॉफ्ट-विंडोज-पीएनपीकस्टमायझेशन्सनॉनविनपीई हा ऑफलाइनसर्व्हिसिंग पासमध्ये जातो आणि डिस्कवर उतरलेल्या विंडोजमध्ये ड्रायव्हर टाकतो. दोन्हीत ड्रायव्हरपाथ्सखाली पाथअँडक्रेडेन्शियल्स येतं आणि प्रत्येक नोंदीचं कीव्हॅल्यू वेगळं लागतं. नेटवर्क शेअरचा पत्ता, युजर, पासवर्ड देता येतो, पण लॅनचाच ड्रायव्हर लॅनवरून आणायला पीईला पहिल्या घटकात सांगायचं म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवण्यासारखं आहे. पीईसाठी ड्रायव्हर नेहमी बूट.विममध्ये. अंतिम विंडोजसाठी मात्र शेअर उत्तम, कारण तोवर नेटवर्क चालू झालेलं असतं.

व्हर्च्युअल मशीनवर हीच पद्धत व्हर्टआयओच्या (व्हर्च्युअल हार्डवेअरचे ड्रायव्हर) आयएसओसाठी वापरतात. लॅनचा ड्रायव्हर नेटकेव्हीएम\डब्ल्यू११\एएमडी६४ मध्ये असतो. दुसऱ्या सीडी ड्राइव्हला पीई कोणतं अक्षर देईल याचा भरवसा नसतो, म्हणून डी:, ई:, एफ: अशा तीन नोंदी घालाव्यात.

तिसरा रस्ता इमेज स्वतः डीआयएसएमने डब्ल्यू: वर उतरवणाऱ्यांसाठी. ॲप्लाय-इमेज झालं की रिस्टार्टच्या आधी

डीआयएसएम /इमेज:डब्ल्यू:\ /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:झेड:\ड्रायव्हर\मॉडेलचं-नाव /रिकर्स

इन्स्टॉल.विम मूळ अवस्थेत राहते, मॉडेलप्रमाणे फोल्डर निवडता येतं आणि नवं मॉडेल आलं की फक्त एक फोल्डर वाढतं. मशीनची विविधता जास्त असेल तिथे मी हाच सुचवेन. मॉडेलचं नाव स्क्रिप्टला कळण्यासाठी पीईत विनपीई-डब्ल्यूएमआय हा जादा घटक घालावा लागतो. पॉवरशेलमधून विचारणार असाल तर डब्ल्यूएमआय, नेटएफएक्स, स्क्रिप्टिंग, पॉवरशेल याच क्रमाने घाला आणि प्रत्येकाचं एन-यूएस भाषेचं पॅकेजही लगेच मागोमाग.

उत्तर — आयपीएक्सई_पथिक

विमबूट वापरताच आहात तर चाचणीसाठी विम उघडायचीही गरज नाही. आयपीएक्सईच्या स्क्रिप्टमध्ये इनिटआरडी (बूट होताना मेमरीत चढणारी फाइल) म्हणून दिलेली प्रत्येक जादा फाइल विमबूट पीईच्या एक्स:\विंडोज\सिस्टिम३२ मध्ये आणून ठेवतं. तेव्हा ड्रायव्हरच्या आयएनएफ, सिस आणि कॅट या तिन्ही फाइल्स एचटीटीपी सर्व्हरवर ठेवा, सोबत विनपीईएसएचएल.आयएनआय आणि एक बॅच फाइल. आयएनआयमध्ये लाँचॲप्सखाली बॅच फाइलचं नाव. बॅचमध्ये क्रम असा: डब्ल्यूपीईइनिट, ड्राइव्हलोड आयएनएफच्या पत्त्यासह, डब्ल्यूपीईयूटिल इनिशियलाइझनेटवर्क, मग पिंगने सर्व्हर दिसेपर्यंत थोडं थांबणारी फेरी, मग नेट यूज आणि सेटअप.

थांबायची फेरी वगळू नका. कार्ड जागं होणं, स्विचच्या पोर्टवरचं स्पॅनिंग ट्री (लूप टाळण्यासाठी पोर्ट काही वेळ रोखणारी पद्धत) आणि डीएचसीपी मिळून अर्धा मिनिट सहज जातो. डब्ल्यूपीईइनिट संपल्याबरोबर नेट यूज दिलं तर ड्रायव्हर उत्तम असूनही शेअर सापडत नाही, आणि माणूस पुन्हा ड्रायव्हरच्या मागे लागतो. स्विचवर त्या पोर्टला एज पोर्ट करून ठेवलं तर हा वेळ वाचतो.

या युक्तीचा मोठा फायदा म्हणजे नवा ड्रायव्हर येताच सर्व्हरवर तीन फाइल्स बदलायच्या, बाकी काही नाही. मर्यादा अशी की सिस्टिम३२ मध्ये सगळं एकाच पातळीवर पडतं. उपफोल्डरवर अवलंबून असलेला आयएनएफ इथे चालत नाही, आणि दोन ड्रायव्हरमध्ये एकाच नावाची फाइल असेल तर गोंधळ होतो. एकदोन लॅन ड्रायव्हरपुरतं हे छान, त्यापुढे विममध्येच घाला.

उत्तर — कर्नल_कट्टा

लिनक्सकडे वळतो. पहिला प्रश्न नेहमी हा: मॉड्यूल नाही की फर्मवेअर नाही? इन्स्टॉलरच्या दुसऱ्या कन्सोलवर जाऊन डीमेसग (कर्नलचा लॉग) बघा. कार्डाचं मॉड्यूल लोड होऊन 'फर्मवेअर लोड करता आलं नाही' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर आहे, फक्त फर्मवेअरची फाइल हवी. एलएसपीसीआय -एनएनके मध्ये कार्डासमोर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल आणि डीमेसगही गप्प असेल तर मॉड्यूलच नाही. उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि लोक फर्मवेअरच्या दुखण्यावर मॉड्यूल कंपाइल करत बसतात.

तुमच्या ८१२५ साठी बाहेरचं मॉड्यूल शोधण्याआधी कर्नल तपासा. मुख्य कर्नलमधल्या आर८१६९ मॉड्यूलमध्ये आरटीएल८१२५ चा आधार ५.४ पासून आहे. रॉकी ९ चं कर्नल ५.१४ आहे आणि डेबियन १२ चं ६.१, तेव्हा तिथे बहुधा काहीच करावं लागणार नाही. उबंटूवर सर्व्हरच्या मूळ कर्नलमध्ये आधार नसेल तर आधी मीडियावरच्या कॅस्पर फोल्डरमधलं एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) कर्नल आणि त्याचंच इनिटआरडी बूट करून बघा, आणि ऑटोइन्स्टॉल फाइलमध्ये कर्नलचा फ्लेवर एचडब्ल्यूई ठेवा, म्हणजे बसलेल्या सिस्टिमलाही तेच मिळेल. नवं कर्नल हा बाहेरच्या मॉड्यूलपेक्षा नेहमीच कमी कटकटीचा उपाय.

डेबियनमध्ये २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून नॉन-फ्री फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलेशन मीडियावर आलं, पण नेटबूटचं इनिटआरडी लहानच असतं. त्याला फर्मवेअर.सीपीआयओ.जीझेड जोडायची:

कॅट इनिटआरडी.जीझेड फर्मवेअर.सीपीआयओ.जीझेड > नवं-इनिटआरडी.जीझेड

कर्नल एकामागून एक सीपीआयओ (एकत्र बांधलेल्या फाइल्सचा गठ्ठा) उलगडतं, त्यामुळे नुसतं जोडणं पुरतं. आयपीएक्सईत तर जोडायचीही गरज नाही, दोन इनिटआरडी ओळी द्या.

स्वतःचं मॉड्यूल असं जोडणार असाल तर दोन गोष्टी जपा. सीपीआयओ न्यूसी फॉरमॅटमध्येच हवी. आणि आधी मूळ इनिटआरडीमध्ये /लिब हे खरं फोल्डर आहे की यूएसआर/लिबकडे जाणारी सिमलिंक, ते बघा. सिमलिंक असताना तुमच्या सीपीआयओमध्ये 'लिब' नावाचं फोल्डर आलं तर कर्नल ती सिमलिंक काढून तिच्या जागी तुमचं जवळपास रिकामं फोल्डर ठेवतं. सगळ्या लायब्ररी अदृश्य होतात आणि मशीन पॅनिकमध्ये जातं. अशा वेळी फाइल्स यूएसआर/लिब/मॉड्यूल्स/कर्नलची-आवृत्ती/अपडेट्स मध्ये ठेवा. सोबत डेपमॉड -बी ने नव्याने बनवलेल्या मॉड्यूल्स.डेप वगैरे फाइल्सही द्या, नाहीतर मॉड्यूल जागेवर असूनही मॉडप्रोबला सापडणार नाही.

रॉकी, अल्मा आणि रेड हॅटसाठी रीतसर सोय आहे: ड्रायव्हर अपडेट डिस्क. रचना साधी आहे. मुळाशी आरएचडीडी३ नावाची फाइल, शेजारी आरपीएम्स/एक्स८६_६४ हे फोल्डर, त्यात केमॉड-... आरपीएम (कर्नल मॉड्यूलचं पॅकेज), आणि त्याच फोल्डरवर क्रिएटरेपो_सी चालवून बनवलेलं रेपोडेटा. याची आयएसओ बनवताना लेबल ओईएमडीआरव्ही ठेवा. या लेबलची डिस्क दिसली की ॲनाकोंडा (रेड हॅटचा इन्स्टॉलर) न विचारता ती वापरतं आणि ते आरपीएम बसलेल्या सिस्टिममध्येही टाकतं. इन्स्ट.डीडी= मध्ये एचटीटीपी पत्ता देता येतो, पण लॅनच्या ड्रायव्हरला तो निरुपयोगी, कारण उघड आहे. आयएसओ बीएमसीच्या (सर्व्हर दुरून हाताळण्याची चिप) व्हर्च्युअल मीडियावरून किंवा यूएसबीवरून जोडा.

केमॉड कोणत्या कर्नलसाठी बांधलं आहे ते इन्स्टॉलरच्या कर्नलशी ताडून बघा. बसलेल्या सिस्टिमचं कर्नल पुढे अपडेट होतं, इन्स्टॉलरचं मात्र त्या आयएसओबरोबर गोठलेलं असतं. ९.२ चं केमॉड ९.४ च्या इन्स्टॉलरवर चालेलच असं नाही. मायनर आवृत्ती बदलली की डिस्क नव्याने बांधायची तयारी ठेवा.

डीकेएमएस (कर्नलप्रमाणे मॉड्यूल बांधून देणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी: किकस्टार्टच्या (रेड हॅटकडची अनअटेंडसारखी फाइल) %पोस्टमध्ये, डेबियनच्या लेट_कमांडमध्ये किंवा उबंटूच्या लेट-कमांड्समध्ये यूनेम -आर हे इन्स्टॉलरचं कर्नल सांगतं, बसलेल्या सिस्टिमचं नाही. डीकेएमएस तेच धरून चालतं. मॉड्यूल भलत्याच कर्नलसाठी बांधायला घेतं आणि पहिल्या रिस्टार्टला नेटवर्क गायब. डीकेएमएस इन्स्टॉलला -के देऊन टार्गेटच्या लिब/मॉड्यूल्समधली आवृत्ती स्पष्ट सांगा, आणि त्याच आवृत्तीचे हेडर्स आधी बसवा.

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल इन्सर्ट करताना कर्नल ते नाकारतं. स्वतःच्या कीने सही करून मोकयूटिलने की नोंदवता येते, पण पुढच्या बूटला कन्सोलवर कुणीतरी पासवर्ड टाकून ती मंजूर करावी लागते. तिथे ऑटोमेशन तुटतं. मशीन मोठ्या संख्येने असतील तर तुमची की फर्मवेअरच्या डीबीमध्ये (विश्वासाच्या कीजची यादी) आधीच घालून घ्या, किंवा वितरणाने सही केलेलंच मॉड्यूल ज्यात आहे असं कार्ड निवडा.

उत्तर — स्वयंस्थापना

विंडोज ११ च्या एडीकेची पीई बांधली, तोच ड्रायव्हर घातला. पीईत ॲडॅप्टर दिसतो, शेअर जोडला जातो. अंतिम विंडोजसाठी ऑफलाइनसर्व्हिसिंगमध्ये शेअरचा पत्ता दिला आहे, तेही चाललं. रॉकी ९ ला खरंच काही करावं लागलं नाही.

एकच राहिलं. बसलेल्या मशीनवर 'रीसेट धिस पीसी'मधून क्लाउड डाउनलोड निवडलं की रिकव्हरीत नेटवर्क मिळत नाही.

उत्तर — विम_मिस्त्री

ती चौथी जागा, विनआरई (विंडोजचं रिकव्हरी वातावरण). विनआरई.विम ही इन्स्टॉल.विमच्या आत विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरीमध्ये असते आणि तिचं ड्रायव्हर स्टोअर पुन्हा स्वतंत्र. ऑफलाइनसर्व्हिसिंगमधून दिलेला ड्रायव्हर तिच्यात जात नाही.

इन्स्टॉल.विमचा तुमचा इंडेक्स माउंट करा, आतली विनआरई.विम दुसऱ्या फोल्डरमध्ये माउंट करा (ती लपलेली सिस्टिम फाइल असते, डिर /ए शिवाय दिसत नाही), तोच लॅन ड्रायव्हर घाला. मग आतली आधी कमिट, बाहेरची नंतर. उलट केलंत तर बाहेरची अनमाउंटच होणार नाही, कारण आतली फाइल वापरात असते. बाहेरची कमिट करण्यापूर्वी विनआरई.विम एक्स्पोर्ट-इमेजने नव्या फाइलमध्ये काढून मूळ जागी ठेवा. बदल करताना साठलेला जुना भाग त्यात गळून पडतो. रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा मोजकी असते आणि फुगलेली विनआरई तिथे मावत नाही. अनअटेंडमध्ये पार्टिशनं तुम्हीच आखत असाल तर रिकव्हरीला १ जीबी द्या.

आधीच बसलेल्या मशीनसाठी इन्स्टॉल पुन्हा करायची गरज नाही. रीएजंटसी /डिसेबल दिलं की विनआरई.विम सी: वरच्या विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरीमध्ये परत येते. तिथे माउंट करून ड्रायव्हर घाला, कमिट करा आणि रीएजंटसी /इनेबल द्या. बिटलॉकर चालू असेल तर हे करण्याआधी तो सस्पेंड करा, आणि शेवटी रीएजंटसी /इन्फोमध्ये विनआरई 'इनेबल्ड' दिसते का ते बघा.